बटणांच्या डब्यातली काच

३ फेब्रुवारी

वन्सं,

अक्षर ओळखाल आणि पत्र फाडायला घ्याल, म्हणून आधीच सांगते: काम माझं नाही, पोरीचं आहे. वाचा, मग खुशाल फाडा.

अकरा वर्षांत तुम्ही फोन उचलला नाहीत. मीही किती वेळा लावला म्हणा. तुम्ही गेलात तेव्हा पोरगी बारा वर्षांची होती, आत्या कधी येणार म्हणून आठवडाभर जिन्यात बसून राहायची. आता तेवीस पूर्ण झाली. स्टुडिओत काउंटरवर बस म्हणून ह्यांनी सांगून पाहिलं, पण ती तुमच्यावर गेलीय, हातात कॅमेरा घेतला तो घेतलाच. एका संग्रहालयात तीन महिन्यांचं काम मिळालंय तिला. कपाटं भरून वाळवलेले भुंगे आणि किडे आहेत म्हणे, एकेकाचा फोटो काढायचा, मिशीचा केसन् केस वेगळा दिसला पाहिजे. तिथेच मुलींच्या वसतिगृहात राहते.

आता तिचं पत्र आलंय. दुपार झाली की कानशिलं ठणकतात, डोळ्यांतून पाणी येतं, घटकाभर स्पष्ट दिसतं आणि पुन्हा धूसर. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. फोटो असेच मऊ, अस्पष्ट आले तर काम दुसऱ्याला.

ह्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "गेली हीपण आत्याच्या वळणावर. आमच्या घरातल्या बायकांचे डोळेच कच्चे. बोलावून घे तिला." वन्सं, ते ऐकलं आणि माझ्या हातातला पेला सुटला. का ते विचारू नका.

डोळ्यांना त्रास न होता कॅमेऱ्यातून कसं बघायचं, हे तुमच्याइतकं कोणाला कळतं? तेवढं लिहून पाठवा. अठरा एप्रिलला छायाचित्रकार मंडळ ह्यांचा सत्कार करणार आहे, चाळीस वर्षं झाली धंद्याला. तुम्हाला या म्हणायची माझी हिंमत नाही.

तुमची वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनींना,

फाडायलाच घेतलं होतं. पोरगी आडवी आली.

आंधळीला वाट विचारताय म्हणजे कमाल आहे तुमची! डोळे गेले म्हणून ज्या घरानं मला पोचवून दिलं, त्याच घराला आता माझ्याकडून डोळ्यांची अक्कल हवीय. मी काय करते ते तरी माहीत आहे का? बसस्थानकात एका काचेच्या खोलीत बसते आणि फलाट चारवर गाडी लागली म्हणून दिवसभर ओरडते. दादा म्हणाला होता ना, "घार, आवाज छान आहे तुझा, डोळ्यांचं नको असं काहीतरी बघ." बघितलं. लहानपणी मला घार म्हणायचा तो, नजर तीक्ष्ण म्हणून. नाव तेवढं राहिलं.

मी काढलेली ती शाळेची पन्नास शिक्षकांची तसबीर अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मागच्या खांबावरचा पोपडासुद्धा लख्ख, आणि पुढची पन्नास माणसं धुरात उभी. तीन महिने डोकं फुटत होतं, फोटो बिघडत होते. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, काहीही नंबर नाही. दादा म्हणाला, "डॉक्टरच्या तक्त्यावरचं अक्षर हातभर, आपलं काम पापणीच्या केसाचं. त्याला काय कळतंय?" मी डॉक्टरला खोटं ठरवलं आणि दादाला खरं. माझीच अक्कल.

असो. पोरीनं काही केलेलं नाही, तिला सांगा.

एक डोळा घट्ट मिटून दुसऱ्यानं बघायचं ही नाटकं बंद. मिटलेला डोळा गप्प बसत नाही, अर्धा चेहरा आवळून धरतो आणि ती कळ कपाळात चढते. दोन्ही डोळे उघडे ठेव म्हणावं. चार दिवस दोन-दोन चित्रं दिसून गोंधळ होईल, पाचव्या दिवशी मन आपसूक हवं ते निवडतं. वर चौकटीच्या बाहेर काय चाललंय ते दुसरा डोळा फुकटात सांगत राहतो. कॅमेरा डोळ्याशी आणायचा, डोळा कॅमेऱ्याशी न्यायचा नाही, नाहीतर मान धरते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की माणूस पापणी लववायचं विसरतं, तेव्हा मुद्दाम लवव. दहा फोटो झाले की मान वर करून खिडकीबाहेर लांबचं काहीतरी बघ, वीस मोजेपर्यंत. डोळा टेकतो तिथलं रबर नीट बसलेलं हवं, बाजूचा उजेड आत शिरला की बाहुली उगाच आकसते.

आणि हे सगळं नंतर. सगळ्यात आधी किड्याला बाजूला ठेव आणि कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे धर. व्ह्यूफाइंडरच्या आत बारीक रेघा असतात, फक्त त्या बघ. पहिल्या नजरेत, आरामात दिसल्या तर ठीक. ओढूनताणून दिसत असतील तर दोष तिचा नाही न् भिंगाचाही नाही, डोळा लावतो तिथल्या गोल काचेचा आहे. रबर काढायचं, काच फिरवून काढायची आणि कडेवर नंबर कोरलाय का बघायचा. दुसऱ्याच्या नंबरची काच म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून सुईत दोरा ओवणं.

मी माझ्या वेळी हे केलं नाही. माझी काच साधी होती, कॅमेरा आणला त्या दिवशी दादानं स्वतः पुसून बसवलेली. घरातल्या काचेवर कोण संशय घेतं?

सत्काराचं कळवलंत, बरं केलंत. लोक डोळे फाडफाडून बघतील त्याला.

घार


२४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचा सल्ला रामबाण ठरला हो! तुमचं पत्र होतं तसं पोरीला पाठवलं. तिचं डोकं थांबलं, साहेब खूश, मुदतीचा प्रश्नच मिटला. काहीतरी काच जुनी झाली होती म्हणे, ती बदलली. तर आता कसलीच काळजी नको.

तुमच्यासाठी एक स्वेटर विणलाय, सोबत पाठवते. रंग तुम्हाला आवडायचा तोच घेतलाय. पोरगी कामात बुडालीय, तिला वेगळं पत्र लिहायची तसदी घेऊ नका. काय असेल ते मला कळवा, मी तिला सांगेन.

तब्येतीला जपा. तिकडे वारं फार असतं म्हणतात.

तुमची वहिनी


२८ फेब्रुवारी

वहिनींना,

चोराच्या मनात चांदणं. अकरा वर्षांत मला वारं लागतं का हे तुम्हाला आठवलं नाही, आणि आज एकदम स्वेटर? परत पाठवतेय. बाह्या आखूड आहेत.

कुठली काच? जुनी झाली म्हणजे काय झालं तिला, दात पडले? काच तडकते, ओरखडते, नाहीतर चुकीची असते. म्हातारी होत नाही. नंबर काय होता आणि कॅमेरा कोणाचा होता, एवढ्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं द्या.

नका देऊ. मी पोरीलाच लिहिलंय, वसतिगृहाच्या पत्त्यावर. तसदी घेतली.

घार


५ मार्च

आत्या!

तू मला पत्र लिहिलंस! वाचून मी खोलीभर नाचले, शेजारचीला वाटलं मला नोकरी लागली.

तुला सगळं पहिल्यापासून सांगते. कॅमेरा तुझाच आहे, लाल पट्ट्याचा. बाबांच्या कपाटात कुलपात पडून होता. किड्यांसाठी तुझं ते जवळचं भिंग लागणार होतं, म्हणून येताना मी गुपचूप घेऊन आले. आई-बाबांना पत्ताच नव्हता. बाबांनी त्याला कधी हात लावू दिला नाही, लहानपणी एकदा मागितला तर अंगावर ओरडले होते.

तुझं पत्र वाचून मी भिंतीवर कॅमेरा धरला आणि नुसत्या रेघा बघितल्या. आत्या, त्या दिसायच्या, पण डोळ्यांनी जोर लावल्यावर! सोडलं की विरघळायच्या. मग रबर काढलं. तिथे धूळ अशी बसली होती की कित्येक वर्षांत कोणी काढलं नसणार. काच फिरवून काढली आणि कडेवर बघते तर कोरलेलं मायनस तीन. मायनस तीन तर बाबांचा नंबर! त्यांची काच तुझ्या कॅमेऱ्यात कशी काय गेली? इथल्या दुरुस्तीवाल्याकडून साधी काच घेऊन लावली, आणि बाई गं, भुंग्याच्या पायावरची लव मोजता आली मला. दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखणं गायब. डोळे कच्चे म्हणे!

त्याच दिवशी मी आईला हे सगळं लिहिलं. आठ दिवस उत्तर नाही, मग आलं ते इतकंच, की आत्याला हे कळवू नकोस, तिला वाईट वाटेल. मला काही पटलं नाही. तुझे डोळे ठणठणीत असतील तर तुला आनंदच होईल की.

काच काडेपेटीत कापसात घालून पाठवतेय. लावून बघ.

तुझी चिमणी


१४ मार्च

वहिनी,

आता तुम्ही-बिम्ही पुरे झालं. तू.

काडेपेटी उघडली, काच डोळ्याला लावली. सगळं बारीक होऊन लांब गेलं, मग डोळ्यांनी खेचून खेचून ते जागेवर आणलं, आणि पाच मिनिटांत कानशिलात तीच कळ. तीच गं! अकरा वर्षांनी ओळख पटली, जुनी शेजारीण दारात उभी राहावी तशी. मी खुर्चीत बसून रडले. मग उठून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. दोन तास तपासून म्हणाला, या वयात असे डोळे म्हणजे नशीब काढलंत. मी त्याला फाडकन काहीतरी बोलले, बिचारा गोंधळला.

बसस्थानकातलं बारीक अक्षरातलं वेळापत्रक मी बिनचष्म्याची वाचते. अकरा वर्षं रोज. एकदाही मनात आलं नाही की डोळे गेलेल्या बाईला हे दिसतं कसं. दादा म्हणाला ना, गेले. म्हणजे गेले.

माझी बोटं गं, अजून झोपेत फोकस फिरवतात. माझ्या हातचं काम बघून लोक दारात थांबायचे, ती मी, एका काचेच्या पिंजऱ्यात बसून गाड्यांची नावं घेत म्हातारी झाले. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कोणी बघत नाही. दूध कोण प्यालं? दादा की तू? मला एक नाव हवंय.

अठरा एप्रिलला मी येणार. सत्काराच्या मंचावर चढणार, ही काच सगळ्यांसमोर धरणार आणि त्या चाळीस वर्षांमधली अकरा कशी उभी राहिली ते सांगणार. घाव घालायचा तर वर्मी घालावा. तोपर्यंत नाव कळव.

घार


२५ मार्च

वन्सं,

नाव माझं आहे.

दहा वेळा लिहिलं, दहा वेळा चुलीत घातलं. आता जसं झालं तसं सांगते, सजवून नाही.

ह्यांना लांबचं दिसेनासं झालं होतं. गिऱ्हाइकांसमोर चष्मा लावायची लाज वाटायची, आणि चष्म्यासकट डोळा कॅमेऱ्याला नीट टेकतही नव्हता. म्हणून मी चष्मेवाल्याकडून त्यांच्या नंबरच्या दोन काचा करून आणल्या, एक लावायला, एक जास्तीची. मग त्यांचा कॅमेरा दुरुस्तीला गेला, आठवत असेल तुम्हाला. तुम्ही तेव्हा तापानं पडून होतात. चार दिवस त्यांनी तुमचा वापरला. जास्तीची काच त्याला मी लावली. तुमची साधी काच काढून माझ्या बटणांच्या डब्यात ठेवली, हरवू नये म्हणून. त्यांचा कॅमेरा परत आला, तुमचा फळीवर गेला. काच बदलायची राहून गेली. इथपर्यंत चूक होती, देवाशपथ.

ताप उतरून तुम्ही कामाला लागलात आणि तिसऱ्या दिवशी कपाळ दाबत जेवायला बसलात आणि मला लख्खकन आठवलं. उठले, डब्यातून काच काढली, स्टुडिओच्या दारापर्यंत आले. आत एक बाई ह्यांना सांगत होत्या, "गेल्या वेळी तुमच्या बहिणीनं काढले होते ना, तिलाच बोलवा म्हणणार होते. पण ह्या खेपेचे तिचेही काही बरे नाहीत आले. जाऊ दे, तुम्हीच काढा." वन्सं, कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळलेला बघितला मी. तुमच्या कौतुकानं तो माणूस रोज आतून कुरतडला जात होता, माझ्याशी आठ-आठ दिवस बोलत नव्हता. त्या दिवशी काम करताना शीळ घालत होता. मी दारातून मागे फिरले. म्हटलं, उद्या लावू. उद्याचा परवा झाला. मग तुम्ही बॅग भरलीत, आणि त्यानंतर काच लावणं म्हणजे सांगणंच होतं.

त्यांना माहीत होतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. तुम्ही गेल्यावर आठवड्यानं त्यांनी तुमचा कॅमेरा उचलला, चष्मा न लावता डोळ्याला लावला. बराच वेळ बघत राहिले. त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि त्यांना ते दिसायला नको होतं. कॅमेरा पुसला, कपाटात ठेवला, कुलूप घातलं. मला काही विचारलं नाही. मीही बोलले नाही. अकरा वर्षं एका ताटात जेवतोय.

पोरीबद्दल जेव्हा ते म्हणाले, आमच्या बायकांचे डोळे कच्चे, तेव्हा मला कळलं की स्वतःच्याच खोट्यावर त्यांचा आता विश्वास बसलाय. माझ्या पोरीला तो खड्डा नको म्हणून तुम्हाला लिहिलं. तुमचाच कॅमेरा तिच्या हातात असेल हे स्वप्नातही नव्हतं.

मंचावर चढू नका. माझं काय करायचं ते करा. त्यांना हार्टचा त्रास आहे.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

हार्ट! त्याला आहे तर.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी तुझा गळा धरावा वाटला, दुसऱ्या वेळी त्याचा. तिसऱ्या वेळी वाटलं, तू निदान दारापर्यंत आली होतीस. चौथ्या वेळी वाटलं, दारापर्यंत येऊन परत फिरणारीनं तर जास्त वाईट केलं. आता तिथेच आहे मी, पुढे जाणार नाही.

बरं, मंचावर बोलणार नाही. पण फुकट सोडेन ही आशा सोड. मंडळाची रीत तुला माहीत आहे: ज्याचा सत्कार, त्यानंच शेवटी सगळ्या सभासदांचा एकत्र फोटो काढायचा, स्वतःच्या कॅमेऱ्यानं. दादा चारचौघांत चष्मा काढून खिशात घालतो आणि मगच डोळा लावतो, ही सवय गेली नसणार.

त्या दिवशी सकाळी त्याच्या कॅमेऱ्याची काच तू काढायचीस आणि बटणांच्या डब्यातली माझी साधी काच लावायचीस. तुझ्याच हातानं. तेव्हा फिरवलीस तशी फिरवायची, तुझ्या बोटांना सवय आहे. पन्नास माणसं त्याच्याकडे बघत उभी राहतील आणि त्याच्या डोळ्यांपुढे धूर असेल. मी तिसऱ्या रांगेत बसून बघणार. जिवाला काही होत नाही त्यानं, मला माहीत आहे. मी तीन महिने काढलेत.

नाही केलंस तर मी काच घेऊन मंचावर. उत्तर पाठवू नकोस. कॅमेऱ्यातच कळेल.

घार


१९ एप्रिल

वन्सं,

केलं.

काल सकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा. काच पहिल्या झटक्यात बसली, तुम्ही म्हणालात तशी सवय असणार. मग अंगात कणकण आहे म्हणून मी घरीच थांबले. बघवलं नसतं.

दुपारी चारला आले. मानपत्र टेबलावर पालथं टाकलं. मला म्हणाले, "बटणांचा डबा आण." उभ्या जन्मात त्या माणसानं स्वतःचं बटण कधी शिवलं नाही हो. मी डबा दिला. त्यांनी चष्मा घातला, सगळी बटणं चादरीवर ओतली, एकेक बाजूला करत शेवटपर्यंत शोधलं. मग एकेक परत भरलं. म्हणजे काच तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं! मी तोंडाला पदर लावून उभी. ते एवढंच म्हणाले, "घार बारीक झालीय."

त्यानंतर कॅमेऱ्याला हात नाही. तिथे काय झालं ते मंडळातलं कोणी मला नीट सांगत नाही, विचारलं की विषय बदलतात. तुम्ही तरी सांगा. माफी मागत नाही मी, तोंड नाही मला. फक्त काय झालं ते सांगा.

वहिनी


२३ एप्रिल

वहिनी,

ऐक तर.

भाषणं झाली. तुझ्या नवऱ्याच्या नजरेचं किती कौतुक झालं म्हणून सांगू, मी पदराचं टोक चावून चावून ओलं केलं. मग सभासद मंचावर दाटीवाटीनं उभे राहिले, दादा खाली त्यांच्यासमोर आला. चष्मा काढून खिशात. मी पुढे सरकून बसले. कॅमेरा डोळ्याला लावला त्यानं. फोकस फिरवला. पुन्हा फिरवला. उलटा फिरवला. वहिनी, मला काय वाटलं ते लपवत नाही, गुदगुल्या झाल्या! मंचावरून कोणीतरी ओरडलं, "अहो, हसून हसून गाल दुखायला लागले." लोक हसले. दादाच्या मानेवर घाम दिसायला लागला. फिरव अजून, म्हटलं. तीन महिने फिरव.

मग त्यानं कॅमेरा खाली घेतला आणि अंगठा त्या रबराच्या कडेवरून फिरवला. एकदाच. त्याला कळलं. खिशातून चष्मा काढून घातला, मागे वळला आणि रांगेरांगेनं बघत आला. तिसऱ्या रांगेत थांबला.

आता त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. तसाच डोळा लावून, थोडं वाकडंतिकडं करून का होईना, फोटो निघाला असता. मी तेच धरून चालले होते की हा काहीतरी करून निसटणार, नेहमीसारखा. पण त्यानं चष्मा परत काढला, घडी घालून खिशात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डोळे गेले माझे. समोर माझी बहीण बसलीय. तिचे गेले म्हणून मी गावभर सांगितलं होतं. ते खोटं होतं, आणि मला माहीत होतं. फोटो ती काढेल."

 मला इतका राग आला की सांगता सोय नाही. अकरा वर्षं जपलेली माझी ठिणगी, आणि तीही ह्यानंच स्वतःच्या हातानं पेटवली! मला तेवढंही पुरतं करू दिलं नाही.

उठले. कॅमेरा घेतला, त्याच्या हाताच्या घामानं ओला होता. डोळा लावला आणि वहिनी, काय सांगू तुला. माझी काच. पन्नासच्या पन्नास माणसं, कोणाच्या शर्टाचं कितवं बटण तुटलंय इथपर्यंत. कुठे ओढाताण नाही, कळ नाही. बोटं फोकस विसरली नव्हती.

पोरीला शिकवलं तसे दोन्ही डोळे उघडे होते. उजव्यात मंडळ, आणि डाव्यात, चौकटीच्या बाहेर, दादा. भिंतीशी उभा होता. हातात कॅमेरा नाही, तर हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. एकदा खिशात, एकदा पाठीमागे, मग नुसतेच लोंबत. चष्म्याशिवाय त्याला मी दिसत नव्हते. तरी माझ्याच दिशेनं बघत होता. डावा डोळा मिटून घ्यावा असं एकदा मनात आलं. नाही मिटला. फार दिवसांनी मिळालं होतं, पुरेपूर बघून घेतलं आणि मग बटण दाबलं.

फोटो सोबत आहे. सगळे स्पष्ट आलेत. भिंतीवर लावा.

आता पुढचं ऐक. बसस्थानकाचा राजीनामा दिलाय. तुमच्या स्टुडिओच्या बरोब्बर समोरचं दुकान, शिंप्यानं सोडलेलं, ते मी घेतलंय. पोरगी काम संपवून एक तारखेला माझ्याकडे येतेय, माझा कॅमेरा घेऊन. काउंटरवर बसवणार नाही तिला. मायनस तीनची काच दुकानाच्या दारात दोऱ्यानं टांगणार आहे. गिऱ्हाइकानं विचारलं हे काय, की सांगणार. रोज विचारलं तर रोज सांगणार. दादाला म्हणावं, चष्मा घालून खिडकीत बसत जा, रस्त्यापलीकडचं चांगलं दिसेल.

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. द्यावी की नाही, असा घोळ झाला असता.

राहिली माझी साधी काच, ती अजून त्याच्या कॅमेऱ्यात आहे. ती काढ. बटणांच्या डब्यात टाकू नको, टपालानंही नको. दुकान उघडेन त्या दिवशी भर दुपारी, सगळी दारं उघडी असताना, ती तळहातावर ठेव आणि स्वतः रस्ता ओलांडून मला आणून दे. त्या वेळी दारापर्यंत येऊन मागे फिरली होतीस. ह्या वेळी मी दारातच उभी असेन.

घार